डबल बेल

तो आयुष्यभर बस चालवत आला आणि बायको त्याच बसची कंडक्टर. निवृत्तीनंतर लेकीने हौसेने दोघांना बेटांच्या सफरीवर धाडलं. शिडाची बोट, कप्तान, आचारी, सगळं दिमतीला. पण त्याचा जीव रमेना. सुकाणू दुसऱ्याच्या हातात बघून उजवा पाय सारखा ब्रेक शोधायचा. पहिल्याच बेटावर तो म्हणाला, “घरी जाऊया.” बायको कप्तानाच्या कानाशी लागली. इंजिन सुरू करून कप्तान म्हणाला, “काका, आज तुम्ही चालवा.” त्याने चाक धरलं, पण बोट हलेना. सवयीने वर आरसा शोधला. तो नव्हता, म्हणून वळून बायकोकडे पाहिलं. “काका थांबलेत कशाला?” कप्तानाने विचारलं. “मी अजून बेल कुठे दिलीय?” म्हणत तिने जेवणाच्या घंटेची दोरी दोनदा ओढली. बोट सुटली. “पुढे सरका, दादा,” ती कप्तानाला म्हणाली, “पुढे सगळं रिकामं आहे.”