दुसरी नळी

"पुन्हा शेवाळच!" चौगुले सरांनी निकालाचा कागद टेबलावर आपटला. "नीलम, ही तुझ्या कामातली घाण आहे. टाकीतल्या पाण्यातलं शेवाळ नमुन्यात उतरतंय."

हिवतापाच्या जंतूत नीलमला सापडलेलं एक प्रथिन त्याला कुठल्या पूर्वजाकडून मिळालं, हा तिच्या पीएच.डी.चा प्रश्न. या जंतूचे फार जुने पूर्वज शेवाळासारखे उन्हावर जगायचे, हे सरांनाही ठाऊक होतं. पण शेवाळाशी जुळणारं हे प्रथिन या जंतूत आजवर दुसऱ्या कुणाला सापडलं नव्हतं. म्हणून सरांच्या लेखी ती घाण. तिनं काचसामान बदललं, पाणी बदललं, लोंढ्याच्या रानातल्या वाड्यांवर फिरून रुग्णांचं नवं रक्त आणलं. उत्तर तेच. शिष्यवृत्ती संपत आली होती.

"विषय बदल. नाहीतर मी प्रबंधावर सही करणार नाही," सर म्हणाले.

ती बेळगावजवळच्या कंग्राळीला घरी आली ती कुडकुडतच. तिच्या आईला, अक्काताईला, वाटलं, पोरीनं रडून रडून ताप आणला. सकाळी दातावर दात आपटायला लागले तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. हिवताप! लोंढ्याहून येताना तिनं तोही आणला होता.

खाटेवर पडल्या पडल्या नीलमला स्वतःचाच संताप आला. त्या जंतूनं तिची वर्षं खाल्ली, आता रक्तही खात होता. नर्स गोळ्या घेऊन आली. आईनं पाण्याचा पेला पुढं केला. नीलमनं तो बाजूला सारला.

"सिस्टर, थांबा. आधी माझं रक्त काढा. आणखी एक नळी."

"डोकं फिरलंय काय गं तुझं?" अक्काताई ओरडली. "आधी गोळ्या घे!"

"गोळ्या पोटात गेल्या की जंतू मरतील, आई. मग मला काय बी गावणार न्हाय."

डॉक्टर वैतागले, पण नळी भरली. तिचा भाऊ सौरव ती सीलबंद नळी बर्फात घालून थेट पुण्याच्या एका प्रयोगशाळेत घेऊन गेला. सरांची बेळगावची लॅब वाटेत आलीच नाही. तिथलं पाणी नाही, काच नाही, नीलमचा हात नाही; आता ते प्रथिन दिसलं तर त्याला घाण म्हणता येणार नव्हतं. नळी भरल्यावरच तिनं गोळ्या गिळल्या होत्या.

ती अंगणात येऊन बसण्याइतकी सावरली, तेव्हा सरांचा फोन आला.

"पुण्याचा निकाल आलाय," ते खाकरत म्हणाले. "तेच प्रथिन आहे. शेवाळाकडूनच आलेलं."

नीलमनं फोन मांडीवर ठेवला आणि ती हमसून रडायला लागली. अक्काताई धावत बाहेर आली.

"काय झालं गं? परत घाण निघाली व्हय?"

"न्हाय, आई. ती घाण न्हवतीच. ते शेवाळ आजाराच्या जंतूतच हुतं."