साहेबांचा वाटा

ऑफिसच्या वाय-फायची ताकद ठरलेली आणि व्हिडिओ कॉल करणारे ढीगभर, म्हणून नेटवर्कवाल्यानं डोकं खाजवून प्रत्येक टेबलाला आपलं चित्र पाठवायला सारखा वाटा बसवला होता. आराखडा बघून मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सारखा वाटा? ही काय खिरापत आहे? बाकीचे दिसले काय, न दिसले काय! माझं चित्र आरशासारखं लख्ख हवं."

"मग साहेब, तुम्हाला त्यांचे चेहरे धुरकट दिसतील."

"त्यांच्या चेहऱ्यांत बघण्यासारखं आहे काय?"

साहेबांपुढे शहाणपण चालत नाही. नेटवर्कवाल्यानं सगळ्यांच्या तोंडचा घास काढून साहेबांच्या ताटात वाढला.

सोमवारी अख्खं ऑफिस आपापल्या टेबलावरून कॉलवर जमलं. साहेब असे लख्ख दिसत होते की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

"यंदा पगारवाढ नाही," साहेब गहिवरून म्हणाले. "सगळ्यांनीच पोटाला चिमटा घ्यायचा. मीसुद्धा."

आणि त्यांच्या चष्म्याच्या काचांत, ते स्क्रीनवर चाळत असलेले बंगल्यांचे फोटो एकामागून एक सरकत होते. एकाच्या अंगणात निळाशार पोहण्याचा तलाव, पुढच्याच्या अंगणात त्याहून मोठा. साहेबांना मात्र समोरचे चेहरे म्हणजे नुसते धुरकट ठिपके. कोण हसतंय, कोण दातओठ खातंय, काही कळेना.

"दिसतोय ना मी सगळ्यांना नीट?" त्यांनी विचारलं.

 

"अगदी आरशासारखे, साहेब," नेटवर्कवाला अदबीनं म्हणाला. "मघाचा तलाव जरा लहान होता. हाच घ्या."