परसरामची बेस गिटार

वरठीच्या कारखान्यातल्या चौघांनी तरुणपणी रॉक बँड काढला होता. त्यांची एकच कॅसेट निघाली, पण तिच्यात परसरामची बेस गिटार कोणालाच ऐकू यायची नाही. “वाजवत होते का नुसतेच उभे होते?” बायको शेवटपर्यंत चिडवायची. आता नागपूरची कंपनी तीच गाणी नव्यानं मिक्स करून बाजारात आणणार होती. त्यासाठी रेकॉर्डिस्ट कामिनी लॅपटॉप घेऊन घरी आली. “काका, आता फक्त तुम्ही,” म्हणत तिनं बाकी तिघांचे आवाज बंद केले. परसराम हरखला. मांडीवर ठेका धरून ऐकू लागला. मध्येच गिटार थांबली. “इथं भैयाजीचा ड्रम येते, ऐक!” त्यानं बोट वर केलं. काहीच आलं नाही. भैयाजी मागच्या उन्हाळ्यात गेला. बाकीचे दोघं त्याच्याही आधी. बोट तसंच राहिलं. “मले कमी कर, बेटा,” तो म्हणाला. “त्याहिले वाढव.”