तिसरा सेट

पहिल्या सेटवर आवाज फाटत होता. आतल्या खोलीतून हरिचंद्र "हॅलो, हॅलो" करत राहिला. तुषारने मान हलवली आणि सेट बाजूला ठेवला.

"इंटरनेटवरचे फोन आहेत साहेब. लाइन सुधारली की आवाजपण सुधरेल," हरिचंद्र बाहेर येत म्हणाला. उल्हासनगरात त्याचं फोनचं दुकान होतं आणि माल गळ्यात मारण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण तुषार बधला नाही. आनंदनगरच्या कारखान्यात तो खरेदी खात्यात होता, तेव्हापासूनची ही सवय.

तो कारखाना बंद पडला आणि गडी वर्षभर घरी बसला. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात तरणा मुलगा घरी बसला की अख्खी सोसायटी त्याची काळजी करते, तीही जिन्यात, मोठ्या आवाजात. त्याची आई संजीवनी खाली भाजी आणायला जायचंदेखील टाळायला लागली होती.

मग ही नोकरी आली. बदलापुरातच, घरापासून चालत जाण्याजोगी. काम काय, तर गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं. पदरी पडलं, पवित्र झालं. आईने जिन्यातल्या त्या सगळ्यांना पेढे वाटले. तुषारला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शनने गाल होतो तसा तो सगळाच बधिर झाला होता. पुन्हा घरी बसणं मात्र जमणार नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

आणि नेमकी ही नोकरीच टांगणीला लागली होती. मालक पुष्करने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं की फोन नीट निवडलेस तर तू कायम, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

ऑफिस छोटंच होतं. मोठं टेबल, मागे फायलींचं कपाट, साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. व्हिडिओ कॉलसाठी टेबलासमोर एक कॅमेरा. कपाटातल्या फायली कोऱ्या होत्या, पण नव्या ऑफिसात त्या कोऱ्याच असायच्या.

दुसऱ्या सेटचा आवाज स्वच्छ निघाला. पुष्करने तो ऐकून नाक मुरडलं. माणूस एकटाच खोलीत बसल्यासारखा वाटतो, म्हणाला. मागे ऑफिसची गजबज पाहिजे, गिऱ्हाइकाला भरवसा वाटला पाहिजे.

हरिचंद्रने मग पिशवीतून तिसरा सेट काढला. ह्यात मागे गजबज सोडता येत होती. बोलणाऱ्याचा आवाज जाड करता येत होता. समोरच्याला कुठल्या शहराचा नंबर दिसावा तेही ठरवता येत होतं. परगावच्या गिऱ्हाइकांना दिल्लीचा नंबर बरा वाटतो, असं पुष्कर म्हणाला आणि हरिचंद्रने जास्त विचारलं नाही. भावावरून रीतसर घासाघीस झाली. सेट संध्याकाळपर्यंत वापरून बघा, असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

पुष्करने दार लावून घेतलं.

"आपणच ऐकून काय कळणार? तुझा आवाज रोज ऐकणाऱ्या माणसाला लाव. त्यानं ओळखलं नाही, तर सेट पास. तूपण पास."

तुषारचा आवाज रोज ऐकणारं माणूस एकच होतं. त्याने नंबर फिरवला. पुष्करने स्पीकर चालू केला.

"हॅलो?" आई म्हणाली. मागे कुकर शिट्टी द्यायच्या बेतात होता.

तुषारने आठवडाभर पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. एकही शब्द अडला नाही.

"मी पोलीस मुख्यालयातून इन्स्पेक्टर बोलतोय. तुमच्या आधार कार्डावर गुन्हा नोंदवलाय. फोन ठेवायचा नाही. घरात कोणाला सांगायचं नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आईचा आवाज आला.

"साहेब, माझा मुलगा कामावर गेलाय हो. आत्ता कुठं मार्गी लागलाय. त्याला ह्यात नका ओढू. तुम्ही म्हणाल ते मी करते."

तुषारने म्यूटचं बटण दाबलं आणि पुष्करकडे पाहिलं.

"हाच घेऊया," तो म्हणाला.