आमटीला मीठ

आमटीचा पहिला भुरका घेतला आणि अच्युतरावांचा हात थबकला. आमटीला मीठ होतं. अगदी पूर्वीसारखं, चवीला!

हार्ट अटॅक येऊन गेल्यापासून त्यांची आमटी मीठ घालण्याआधीच वेगळी काढली जायची. आज पानात कैरीचं लोणचंसुद्धा होतं. आणि ताटाशेजारी रोज हटकून असणारी गोळ्यांची वाटी मात्र कुठेच दिसत नव्हती.

कालच बायको एकटी जाऊन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून आली होती. "सगळं ठीक आहे," एवढंच म्हणाली. वडिलांच्या वेळीही डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता औषधं पुरे. मागतील ते खाऊ घाला." त्याच संध्याकाळी आईनं वडिलांसाठी कांदाभजी तळली होती.

आत ओट्याशी बायको चक्क गुणगुणत होती. उसनं अवसान, दुसरं काय!

"नलू, खरं सांग," त्यांनी आत हाक दिली. "डॉक्टर काय म्हणाले?"

पोळी घेऊन आलेली नलू बुचकळ्यात पडली. मग तिची नजर पानाकडे गेली.

"अगं बाई! मीठ घातलं मी? आणि गोळ्या? अहो, तुम्ही आजारी आहात हे विसरूनच गेले हो मी आज!"

तिचे डोळे भरून आले. अच्युतरावांनी कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला, आमटीची वाटी स्वतःच बाजूला सारली आणि गोळ्या आणायला उठले.

"गोळ्यांचं मी बघतो," ते म्हणाले. "तू आपली अशीच विसरत जा."