दहाचं नाणं

साबण घेऊन त्यानं काउंटरवर दहाचं नाणं ठेवलं. आमच्या गावात ते कुणीच घेत नाही, नकली समजतात. सवयीनं "चालत नाही" म्हणणार, तेवढ्यात माझी नजर नाण्यावर गेली. मधली पांढरी चकती एका बाजूला सरकली होती आणि तिथं पिवळी कड केसाएवढीच उरली होती.

हे नाणं मी ओळखत होते. शेजारच्या उमरीकर काकांना ते बसच्या सुट्ट्या पैशांत सापडलं होतं. "टांकसाळीची चूक आहे, सुलभा! असं दुसरं मिळायचं नाही," म्हणत त्यांनी सगळ्या आळीला ते दाखवलं होतं.

मागच्या आठवड्यात कुणीतरी काकांचा गळा आवळला आणि त्यांचा नाण्यांचा डबा नेला.

"काय झालं, ताई? खोटं आहे का?" त्यानं विचारलं.

परत दिलं तर पुरावा जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. "नाही हो, चालतंय की," म्हणत मी नाणं गल्ल्यात टाकलं. आवाज नीट निघाला. तो पायरी उतरू लागला तसा मी फोन उचलला.

पायरीवरच तो थांबला. दाराच्या चौकटीवर माझ्याच अक्षरातली पाटी होती : 'दहाचं नाणं घेत नाही. वाद घालू नये.'

त्यानं ती सावकाश वाचली. मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

दुपारची आळी सामसूम होती. तो पुन्हा आत आला, साबण काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हातांनी शटर खाली ओढू लागला.