हिसकावलेला मफलर

घरी कुणीही आलं की सासरे काचेच्या कपाटातला निळा मफलर दाखवणारच. "युद्धात शत्रूच्या गळ्यातून हिसकावून आणलाय!" सांगताना दरवेळी झटापटीत एखादा शत्रू वाढायचा.

आज पाहुण्यांची पाठ वळली आणि सासूबाईंनी तोंड उघडलं. "त्याचा तेवढा बरा हिसकावता आला! आणि मी नवी नवरी असताना विणून दिलेला लाल मफलर मात्र तिथंच हरवून आलात. मोठे आले शूरवीर!"

सासरे उगाच कपाटाची काच पुसत राहिले. मग हळूच म्हणाले,



"हरवला नाही गं. तो त्याच्या कपाटात असेल. युद्ध थांबलं त्या संध्याकाळी, घरी काय सांगायचं ते आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं."